मॉडेल विमानाच्या पोटाला गोलाई देताना

चार सपाट फळ्या जोडून केलेले पेटीसारखे धड बांधायला सोपे असते आणि उडायलाही ते फारसे कमी पडत नाही. तरीही मूळ विमानाच्या पोटाला गोलाई असेल, तर त्याच्या मॉडेलचे पोट चपटे ठेवलेले पाहणाऱ्याच्या लगेच लक्षात येते, आणि पंखांचे काम कितीही सफाईदार असले तरी एकूण मॉडेल खेळण्यासारखे वाटू लागते. ही गोलाई काचकागद घासून आणायची असते, असा नवशिक्यांचा समज असतो. माझा अनुभव वेगळा आहे. गोलाई कशी येणार हे काचकागद हाती घेण्यापूर्वीच बहुतांशी ठरलेले असते. कोपऱ्याच्या आत लाकूड किती ठेवले आहे आणि त्या कोपऱ्याला पैलू कसे पाडले आहेत, या दोन गोष्टी नीट झाल्या तर काचकागदाला उरलेले काम अर्ध्या मिलिमीटरचे असते.

पुढील विवेचन बाल्सा लाकडाच्या फ्यूजलाजसाठी, म्हणजे विमानाच्या धडासाठी आहे. पोटाला गोलाई देण्याचे मुख्य मार्ग तीन आहेत. पेटीचे खालचे दोन कोपरे गोल करणे हा पहिला, तळाला जाड ठोकळा लावून तो कोरणे हा दुसरा, आणि फॉर्मरवर, म्हणजे धडाला आकार देणाऱ्या आतल्या आडव्या चौकटींवर, अरुंद पट्ट्या बसवून कातडे चढवणे हा तिसरा. नकाशातील आडव्या छेदांवर एक नजर टाकली की यांपैकी कोणता मार्ग घ्यायचा ते कळते. तळाचा मधला भाग सपाट आणि फक्त कडा गोल असतील तर पहिला मार्ग पुरेसा आहे. तळ उथळ वाटीसारखा असेल तर ठोकळा सोयीचा पडतो. तळ पूर्ण अर्धवर्तुळाचा असेल आणि धड मोठे असेल, तर पट्ट्यांना पर्याय नाही, कारण तेवढ्या आकाराचा ठोकळा वजनाला परवडत नाही.

कोपऱ्याच्या आतले लाकूड

पेटीचा कोपरा गोल करताना किती लाकूड जाते, याचा हिशेब आधी मांडावा. गोलाईची त्रिज्या जेवढी असेल, तिच्या ०.४१ पट लाकूड कोपऱ्याच्या कर्णावरून निघून जाते. बाजूची फळी ३ मिलिमीटर आणि तळाची फळीही ३ मिलिमीटर असेल, तर बाहेरच्या कोपऱ्यापासून आतल्या कोपऱ्यापर्यंतचे कर्णावरचे अंतर सुमारे ४.२ मिलिमीटर भरते. आता १० मिलिमीटर त्रिज्येची गोलाई दिली तर त्यातले ४.१ मिलिमीटर घासले जाते, म्हणजे मागे कागदाएवढी जाडीही उरत नाही. हा हिशेब मी एका लहान खालपंखी मॉडेलवर चुकवून शिकलो. कोपरा दिसायला सुरेख झाला होता. मात्र दिव्यासमोर धरल्यावर पंखापासून शेपटीपर्यंत केशरी उजेडाची एक बारीक रेघ दिसली आणि धड हातात पेलताना अंगठा सरळ आत गेला.

यावर उपाय म्हणजे तळाची फळी बसवण्यापूर्वी आतल्या कोपऱ्यात त्रिकोणी पट्टी चिकटवणे. काटकोनाच्या दोन्ही बाजू १२ मिलिमीटर असलेली पट्टी घेतली, तर वरच्याच उदाहरणात कर्णावर साडेआठ मिलिमीटर लाकूड शिल्लक राहते, आणि २० मिलिमीटर त्रिज्येची गोलाई दिली तरी चार मिलिमीटरहून थोडे अधिक उरते. शेपटीकडे गोलाई लहान होत जाते, त्यामुळे तेथे पट्टीही लहान घ्यावी. शेपटीतील प्रत्येक जादा ग्रॅमची भरपाई नाकात त्याच्या कित्येक पट शिसे घालून करावी लागते, कारण गुरुत्वमध्यापासून नाक जवळ असते आणि शेपटी लांब. त्रिकोणी पट्टी फॉर्मरपाशी तुटत असेल तर तुकडे फॉर्मरला घट्ट टेकवून बसवावेत. तेथे फट राहिली तर कोरताना सुरीचे टोक नेमके तिच्यातच अडकते.

तळ बंद करण्यापूर्वी आतली कामे पूर्ण करावीत. सर्वोंचे, म्हणजे सुकाणू हलवणाऱ्या छोट्या मोटरांचे, दांडे, त्यांच्या नळ्या, पंखाच्या बोल्टसाठीचे प्लायवुड, चाकांच्या तारेचा आधार, इंधनावर चालणारे मॉडेल असल्यास टाकीची जागा, हे सर्व तळ उघडा असतानाच बसवून आणि तपासून घ्यावे. धडाला पीळ पडलेला नाही ना, हेही याच वेळी पाहावे. तळ चिकटल्यावर पेटी बंद होते आणि तिच्यातला पीळ कायमचा होतो.

आधी पैलू

गोलाई सरळ गोल घासत आणण्याचा प्रयत्न करू नये. हात एका जागी जास्त आणि दुसऱ्या जागी कमी दाब देतो, डावा कोपरा उजव्यापेक्षा वेगळा होतो, आणि तो दुरुस्त करण्याच्या नादात दोन्ही कोपरे झिजत जातात. पैलू पाडले तर प्रत्येक टप्प्यावर हाताखाली सपाट पृष्ठभाग असतो आणि त्याच्या दोन कडा पेन्सिलीच्या रेघेवर येऊन थांबल्या की नाही, हे डोळ्यांना दिसते.

पहिला पैलू ४५ अंशांचा. कोपऱ्यापासून त्रिज्येच्या ०.५९ पट अंतरावर बाजूच्या फळीवर एक आणि तळाच्या फळीवर एक अशा दोन रेघा आखाव्यात. त्रिज्या २० मिलिमीटर असेल तर हे अंतर ११.७ मिलिमीटर येते. शेपटीच्या टोकाला त्रिज्या ८ मिलिमीटर झाली असेल तर तेथे ४.७ मिलिमीटरवर खूण करावी, आणि धडाची बाजू सरळ निमुळती होत असेल तर दोन्ही खुणा पट्टीने जोडाव्यात. बाजू वळणदार असेल तर प्रत्येक फॉर्मरपाशी स्वतंत्र खूण करून, टाचण्यांना टेकवलेल्या लवचीक पट्टीच्या आधाराने रेघ ओढावी. रेघांसाठी मऊ पेन्सिल वापरावी. बॉलपेनची शाई पुढे वार्निशमधून किंवा पातळ आवरणातून वर येते आणि पांढऱ्या रंगाखाली निळी छटा दिसत राहते.

दोन रेघांमधले लाकूड लहान रंध्याने काढावे. रंध्याचे पाते नवे असावे, कारण बाल्सा मऊ असल्यामुळे बोथट पाते त्याला कापण्याऐवजी चेपते आणि फाडते. रंधा पोटाच्या रुंद भागाकडून निमुळत्या भागाकडे चालवावा, म्हणजे लाकडाच्या रेषा पात्याखाली उचलल्या जात नाहीत. तरीही छिलके तुटक येऊ लागले आणि पृष्ठभाग खरखरीत झाला, तर त्या फळीच्या रेषा उलट्या आहेत असे समजून तेवढ्या भागापुरती दिशा बदलावी. रेघेपासून अर्धा मिलिमीटर अलीकडे रंधा थांबवावा आणि उरलेले लाकूड ८० नंबरचा काचकागद चिकटवलेल्या लांब, सरळ दांड्याने काढावे. हा दांडा दोन फॉर्मरमधल्या अंतरापेक्षा निश्चित लांब असावा. आखूड दांडा फॉर्मरच्या मधल्या मऊ भागात खाली बसतो, फॉर्मरवर उचलला जातो, आणि पोटावर बरगड्या उमटतात.

आता पहिल्या पैलूच्या दोन्ही बाजूंना नव्या कडा तयार झालेल्या असतात. त्या प्रत्येक कडेच्या दोन्ही अंगांना त्रिज्येच्या ०.२१५ पट, म्हणजे २० मिलिमीटर त्रिज्येसाठी सुमारे ४.३ मिलिमीटर अंतरावर पुन्हा रेघा आखाव्यात आणि दुसरे पैलू पाडावेत. पहिल्या पैलूनंतर कडा खऱ्या गोलाईपेक्षा १.६ मिलिमीटर बाहेर असतात, तर दुसऱ्यानंतर त्या केवळ ०.४ मिलिमीटर बाहेर राहतात. येथून पुढे रंधा ठेवून द्यावा. आधी डाव्या बाजूचे सर्व पैलू आणि मग उजव्या बाजूचे, असा क्रम ठेवू नये. प्रत्येक टप्पा दोन्ही बाजूंना पूर्ण करूनच पुढचा टप्पा घ्यावा.

मग काचकागद

शेवटची गोलाई आणण्यासाठी १२० नंबरच्या काचकागदाची दोन बोटे रुंद आणि हातभर लांब पट्टी कापावी, तिच्या पाठीवर चिकटपट्टी लावून ती फाटणार नाही असे करावे, आणि दोन्ही टोके धरून ती पोटावरून आळीपाळीने ओढावी, जशी आंघोळीच्या वेळी पाठ घासताना पंचाची दोन टोके ओढतात. पट्टी वळणाला बिलगते आणि उरलेल्या कडा आपोआप बसतात. पट्टी एका जागी पाच-सहा ओढींपेक्षा जास्त चालवू नये. प्रत्येक ओढीबरोबर ती थोडी तिरपी सरकवत न्यावी, नाहीतर तेथे कंबरेसारखा खळगा पडतो. त्यानंतर काचकागद मऊ फोमच्या तुकड्यावर गुंडाळून लांबीच्या दिशेने हलका हात फिरवावा आणि २४० नंबरवरून ४०० नंबरवर जावे.

जोडावरचा गोंद हा येथला खरा शत्रू आहे. सायनो गोंद आणि इपॉक्सी वाळल्यावर बाल्साहून पुष्कळ कडक होतात, त्यामुळे शेजारचे लाकूड झिजते आणि गोंदाची रेघ शिरेसारखी वर राहते. साधा पांढरा गोंद उलट घासताना गरम होऊन रबरासारखा मऊ पडतो आणि काचकागद बुजवतो. जे जोड पुढे घासले जाणार आहेत त्यांना घासता येणारा पिवळा लाकडी गोंद वापरावा आणि बाहेर आलेला गोंद ओला असतानाच पुसून घ्यावा. सायनोचे थेंब फॉर्मरला टेकणाऱ्या आतल्या जागांपुरते ठेवावेत.

गोलाई बरोबर आली की नाही हे डोळ्यांवर सोडू नये. नकाशावरील प्रत्येक छेदाचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्यावर उतरवून आतल्या बाजूने कापावा, त्यावर फॉर्मरचा क्रमांक आणि मध्यरेषेची खूण करावी, आणि हाच साचा डावीकडे व उजवीकडे उलटवून लावावा. साच्याच्या आतल्या कडेवर मऊ पेन्सिल जाडसर घासून ठेवली तर साचा किंचित हलवल्यावर उंच जागांवर काळा डाग उमटतो. तेवढाच डाग घासून काढायचा आणि पुन्हा साचा लावायचा. साचा मध्यरेषेला काटकोनात धरावा. तो पुढे-मागे कलला तर छेद लांबट होतो आणि चांगली गोलाईही चुकीची दिसते. घासताना मध्यरेषा पुसली जाते. ती पुसली की लगेच पुन्हा आखावी, कारण तिच्याशिवाय डावे-उजवे ठरवायला काहीच उरत नाही. शेवटी खोलीतला दिवा मालवून एकच दिवा धडाच्या टोकाकडून जवळजवळ समांतर पडेल असा धरावा. साच्यातून सुटलेला खळगा सावलीत सापडतो, आणि सावलीतून सुटलेला डोळे मिटून फिरवलेल्या तळव्याला लागतो.

ठोकळा कोरणे

ठोकळ्याची पद्धत वेगळी नाही, फक्त एक पायरी जास्त आहे. ठोकळा धडाला कायमचा चिकटवण्याऐवजी गोंदाच्या चार-पाच थेंबांवर टेकवावा, धडासकट त्याला बाहेरून आकार द्यावा, आणि मग पातळ सुरी सरकवून तो सोडवून घ्यावा. आता तो उलटा धरून गोल पटाशीने आतून पोकळ करता येतो. याचा फायदा आकड्यांत पाहावा. ६०० मिलिमीटर लांब, ८० रुंद आणि २५ जाड ठोकळा, लाकडाची घनता दर घनमीटरला १२८ किलो धरल्यास, १५४ ग्रॅम भरतो. बाहेरून गोल आणि आतून ५ मिलिमीटर जाडीपर्यंत पोकळ केल्यावर तो ४० ग्रॅमच्या आसपास येतो. पोकळ करताना जाडी समजण्यासाठी टाचणीला टोकापासून ५ मिलिमीटरवर चिकटपट्टीचा कपटा लावावा आणि आतून टोचून पाहावे, किंवा कवच दिव्यासमोर धरावे. जेथे उजेड जास्त तेथे लाकूड कमी. फॉर्मर आणि लाँजेरॉन (धडाच्या लांबीभर जाणाऱ्या काठ्या) जेथे टेकतात त्या कडा मात्र पूर्ण रुंद राखाव्यात, नाहीतर गोंदाला जागा राहत नाही.

पट्ट्यांचे कातडे

पूर्ण अर्धवर्तुळाच्या पोटासाठी फॉर्मर कापतानाच कातड्याची जाडी वजा करावी. कातडे २.५ मिलिमीटरचे असेल तर फॉर्मरची कड नकाशातील बाह्यरेषेपेक्षा सर्वत्र २.५ मिलिमीटर आत हवी. हे विसरल्यास धड पाच मिलिमीटर रुंद होते आणि इंजिनाचे आवरण बसत नाही. जेथे धड निमुळते होते तेथे फॉर्मरच्या कडेला थोडा उतार द्यावा, म्हणजे पट्टी तिच्या एका धारेवर न टेकता पूर्ण जाडीवर टेकते.

पट्ट्यांची रुंदी गोलाईवर ठरते. ४० मिलिमीटर त्रिज्येवर ८ मिलिमीटरची सपाट पट्टी बसवली तर तिच्या कडा मध्यापेक्षा ०.२ मिलिमीटर उंच राहतात. एवढे घासून काढल्यावर २.५ मिलिमीटरच्या कातड्याला काही होत नाही. तीच पट्टी १० मिलिमीटर त्रिज्येवर बसवली तर हा फरक ०.८ मिलिमीटर होतो आणि कातडे ठिकठिकाणी धोक्याइतके पातळ होते, म्हणून तेथे ५ मिलिमीटरच्या किंवा त्याहून अरुंद पट्ट्या घ्याव्यात. पट्ट्या निमुळत्या कशा करायच्या, याचा हिशेब सोपा आहे. सर्वात रुंद फॉर्मरवर एका लाँजेरॉनपासून दुसऱ्यापर्यंतचा पोटाचा घेर कागदी पट्टीने मोजावा. तो १४४ मिलिमीटर असेल तर ८ मिलिमीटरच्या १८ पट्ट्या लागतात. शेपटीच्या फॉर्मरवर घेर ७२ मिलिमीटर असेल तर त्याच १८ पट्ट्यांना तेथे ४ मिलिमीटर जागा मिळते, म्हणजे प्रत्येक पट्टी ८ वरून ४ मिलिमीटरपर्यंत निमुळती करावी. मधल्या प्रत्येक फॉर्मरवरही असाच भागाकार करून पट्टीवर खुणा कराव्यात, कारण धड क्वचितच एकसारखे निमुळते असते.

शेजारच्या दोन पट्ट्या गोलाईवर काटकोनी कडांनी टेकवल्या तर बाहेर फट पडते. वरच्या ४० मिलिमीटरच्या उदाहरणात ती अर्धा मिलिमीटर येते. प्रत्येक पट्टीच्या एका कडेला काचकागदाच्या दोन ओढींनी थोडा उतार दिला तर ती मिटते. लांबी (पुट्टी) लावून फट झाकण्याचे काम मला कधीच पटलेले नाही, कारण भरलेली जागा आणि लाकूड वेगवेगळ्या गतीने झिजतात आणि गोंदाच्या शिरेचीच गोष्ट पुन्हा घडते.

पट्ट्या लाँजेरॉनपासून सुरू करून तळाच्या मध्याकडे याव्यात, आणि एक डावीकडे तर एक उजवीकडे असा क्रम कटाक्षाने पाळावा. ओल्या गोंदाने आणि वाकवलेल्या पट्टीच्या ताणाने धड ओढले जाते. एका बाजूच्या चार पट्ट्या एकदम लावल्या तर धड केळ्यासारखे वाकते आणि दुसऱ्या बाजूच्या पट्ट्या त्याला परत सरळ करू शकत नाहीत. शेजारशेजारच्या पट्ट्या शक्य तेवढ्या सारख्या कडकपणाच्या निवडाव्यात; मऊ पट्टी कडक शेजारणींच्या मधोमध घासली जाऊन खाचेसारखी खाली जाते. १००० × १०० × ३ मिलिमीटरचा हलका तक्ता ३० ग्रॅमच्या जवळ, तर मध्यम तक्ता ४८ ग्रॅमच्या जवळ भरतो, म्हणून तक्ते वजन करून वेगळे ठेवावेत आणि हलके शेपटीकडे वापरावेत. आडव्या दिशेने वाकवून पाहिल्यावर जो तक्ता सहज कमान घेतो, तोच या कामाचा. कडक, ठिपकेदार रेषांचा तक्ता पंखाच्या बरगड्यांसाठी बाजूला ठेवावा.

पट्टी हट्टाने वाकत नसेल तर तिची फक्त बाहेरची बाजू ओल्या फडक्याने पुसावी. ओली बाजू फुगते आणि पट्टी स्वतःहून आत वळते. रुंद तक्ता वाकवायचा असेल तर तो गरम पाण्यात भिजवून हव्या त्या गोलाईपेक्षा थोड्या लहान व्यासाच्या नळीवर कापडी पट्टीने गुंडाळावा आणि रात्रभर वाळू द्यावा, कारण सोडल्यावर तो थोडा उलगडतो. ओला बाल्सा आडव्या दिशेने फुगलेला असतो, म्हणून कडा वाळल्यानंतरच कापाव्यात. पाण्यात अमोनिया मिसळल्यास लाकूड अधिक नरम पडते, परंतु खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि ब्लीच जवळपासही नसावे. या दोहोंच्या मिश्रणातून विषारी वायू निघतो. घासताना नाकाला मास्क असावा. बाल्साची धूळ इतकी बारीक असते की ती फुप्फुसात गेल्याचे तेव्हा कळतही नाही.

बॅटरीचे झाकण आणि हवा बाहेर जाण्याची वाट पोट पूर्ण घासून झाल्यावरच पातळ करवतीने कापावी. कापलेला तुकडाच झाकण म्हणून वापरला तर त्याची गोलाई शेजारच्या कातड्याशी तंतोतंत जुळते. विजेवर चालणाऱ्या मॉडेलमध्ये हवा बाहेर जाण्याची वाट आत येण्याच्या वाटेपेक्षा मोठी असावी.

दोन्ही दिशांनी वळलेल्या भागावर प्लॅस्टिकच्या आवरणाला सुरकुत्या पडतात, म्हणून अशा पोटावर मी पातळ काचेचे कापड, म्हणजे चौरस मीटरला २५ ग्रॅमचे, राळेने बसवणे पसंत करतो. राळ ब्रशने पसरवून जुन्या कार्डाच्या कडेने जवळजवळ सगळी ओढून काढावी. कापडाची वीण दिसत राहिली तर राळ योग्य आहे.

गोल पोटाचे विमान टेबलावर स्वस्थ बसत नाही, ते एका कुशीवर कलंडते आणि पंखाचे टोक घासले जाते. त्यामुळे सर्वात रुंद भागाचा एक आणि शेपटीजवळचा एक असे पोटाचे दोन पूर्ण छेद जाड फोमच्या तुकड्यांतून कापून, खाचेत मऊ कापड लावून ठेवावे. पोटावर शेवटचा हात मारून झाला की विमान या दोन खोबणींवर ठेवावे आणि वरच्या भागाचे काम सुरू करावे.